माणूस नेणारं रॉकेट इंजिन आणि आत राहून गेलेली एक टोपी

मकरपुरा_फिटर

रविवारी बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या जुन्या सोबत्यांचा कट्टा भरला होता. बोलता बोलता गाडी गगनयानावर आली. एकाने विचारलं, "विकास इंजिन तीसेक वर्षं उडतंय. पीएसएलव्हीत तेच, जीएसएलव्हीत तेच, चांद्रयानालाही त्यानेच ढकललं. मग आत माणूस बसवायचा म्हटल्यावर पुन्हा पहिल्यापासून चाचण्या कशाला? इंजिनाला काय कळतं, वर माणूस आहे की उपग्रह?" तिथे मला धड उत्तर देता आलं नाही. प्रश्न मात्र घरापर्यंत बरोबर आला, म्हणून इथे लिहितोय.

मी अंतराळ खात्यातला नाही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पस्तीस वर्षं पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त केले, एवढीच पुंजी. पण द्रवइंधनाच्या इंजिनाचा नकाशा समोर घेतला की आत आमचीच बिरादरी दिसते. दोन टाक्या, दोन पंप, ते पंप फिरवणारं टर्बाइन, त्या टर्बाइनला गरम वायू पुरवणारी छोटी भट्टी म्हणजे गॅस जनरेटर, आणि ठायी ठायी व्हॉल्व्ह. लोक ज्वाळेकडे बघतात, पण इंजिनाचा जीव पंपात असतो. अपोलोच्या सॅटर्न-५ रॉकेटला खाली पाच एफ-१ इंजिनं होती. त्यातल्या एकेका इंजिनाच्या पंपाला ५५,००० अश्वशक्ती लागायची. आमच्याकडे ४०० अश्वशक्तीचा पंप टेस्ट बेडवर चढला की शेजारच्या शेडमधली माणसं बघायला यायची.

आता एक गोष्ट सांगतो. १२ डिसेंबर १९६५. अमेरिकेचं जेमिनी-६ए यान टायटन-२ रॉकेटवर उभं. आत वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड. इंजिनं पेटली आणि सव्वा सेकंदाच्या आसपास आपोआप बंद झाली. रॉकेटच्या बुडाशी असलेला एक विजेचा प्लग वेळेआधीच निसटला होता, त्यामुळे यानातलं घड्याळ 'उड्डाण झालं' असं समजून चालू झालं. नियमाप्रमाणे शिराने इजेक्शनची, म्हणजे खुर्चीसकट बाहेर फेकणारी, कडी ओढायला हवी होती. उडालेलं रॉकेट परत पॅडवर बसलं तर फुटणार, हे उघड होतं. पण त्याला पाठीखाली हालचाल जाणवली नाही आणि त्याने कडी ओढली नाही. दोघेही जिवंत खाली उतरले.

माझ्या मनात घर केलं ते पुढच्या भागाने. चुकार प्लग सापडला, कारण मिळालं, तिथेच थांबता आलं असतं. इंजिनीयर थांबले नाहीत. त्यांनी जोराच्या नोंदी काढल्या. एका इंजिनाचा जोर प्लग निसटण्याच्या आधीच उतरायला लागला होता. इंजिन उघडलं तेव्हा गॅस जनरेटरच्या तोंडाशी धूळ जाऊ नये म्हणून लावलेली प्लास्टिकची टोपी तशीच आत. कित्येक महिन्यांपूर्वी कारखान्यात साफसफाई करताना कुणीतरी लावली आणि काढायची राहिली. ती काढली, आणि तीन दिवसांनी तेच दोघे त्याच रॉकेटने वर गेले.

१९९१ साली माझ्या हातून हेच झालं. पंपाच्या बेअरिंगला तेल नेणाऱ्या नळीच्या तोंडावर मी लाल प्लास्टिकची टोपी लावली होती. दीड इंचाची, कडेला बोटाने ओढायला जीभ असलेली. जोडणी करताना ती काढायची राहिली. टेस्टवर पंप चालू झाला, चार मिनिटांत आमच्या फोरमनने बेअरिंगच्या घरावर तळवा ठेवला आणि ओरडून बंद करायला लावला. उघडलं तर टोपी चुरगळून नळीत बसलेली. ते मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पत्र्याचा एक ट्रे करून आणला, त्यात सतरा भोकं. त्या मॉडेलच्या पंपाला सतरा टोप्या लागायच्या. सतराही भोकांत टोप्या दिसल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही.

मित्राच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. वर कोण बसलंय ते इंजिनाला खरंच कळत नाही, म्हणून आपल्याला ट्रे लागतो. गगनयानाच्या वरच्या टप्प्यातलं सीई-२० हे क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावरचं, इंजिन माणसासाठी पात्र ठरवताना इस्रोच्या महेंद्रगिरी केंद्रात चार इंजिनं ३९ वेळा पेटवली. एकूण ८,८१० सेकंद, म्हणजे जवळजवळ अडीच तास. किमान अट ६,३५० सेकंदांची होती. ही मालिका १३ फेब्रुवारी २०२४ ला संपली. त्याच इंजिनाची एक चाचणी १२ जानेवारी २०२२ ला सलग ७२० सेकंद चालली. विकास इंजिन जुलै २०२१ मध्ये सलग २४० सेकंद चालवलं. एरवी त्याच्या ज्वलनकक्षातला दाब ६२ बारपर्यंत नेतात. माणसासाठी तो ५८.५ वर ठेवायचं ठरलं. थोडा जोर सोडला आणि हातात मार्जिन ठेवलं. आमच्या धंद्यात याला शहाणपण म्हणतात.

तुमचं काय म्हणणं?

---

कलाभवन_तिसरंवर्ष

काका, तुमची पोस्ट हॉस्टेलवर मोठ्याने वाचून दाखवली. टोपीशी सगळे थांबले.

एक भर घालते. माणसासाठी इंजिन तयार करायचं तर ते मुद्दाम बिघडवूनही बघावं लागतं. एफ-१ च्या कक्षात ज्वाळेला कंप सुटायचा. दाबाच्या लाटा इकडून तिकडे आपटायच्या आणि इंजिनाच्या चिंध्या व्हायच्या. जून १९६२ मध्ये एक इंजिन असंच चाचणीत गेलं. हा कंप केव्हा सुटेल ते गणिताने सांगता येत नव्हतं. मग त्यांनी चालू इंजिनाच्या कक्षात लहान बॉम्ब फोडून मुद्दाम कंप आणला आणि तो किती वेळात शमतो ते मोजलं. इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तबकडीवर तांब्याच्या पट्ट्यांचे कप्पे केले, भोकांचे कोन बदलले, पुन्हा बॉम्ब. पूर्ण आकाराच्या सुमारे २,००० चाचण्या झाल्या. शेवटी बॉम्ब फुटल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागात ज्वाळा आपोआप सावरायला लागली, तेव्हा कुठे ते इंजिन माणसांना न्यायला मोकळं झालं.

आमच्या सरांना विचारलं, गणित न सुटता इंजिन पास कसं केलं? ते म्हणाले, पडून उठता येतं हे दाखवलं, तेवढ्यावर. मला हे फार आवडलं.

---

वाघोडियारोड_संजय

धागा उत्तम, पण एका ठिकाणी अडकलो. तुम्ही जेमिनीचं उदाहरण दिलं, इंजिन पेटलं आणि बंद करता आलं. द्रवइंधनाचा हाच तर फायदा: व्हॉल्व्ह बंद केला, विषय संपला. पण गगनयान ज्यावर जाणार त्या एलव्हीएम-३ ला जमिनीवरून उचलतात ते दोन एस-२०० बूस्टर, आणि ते घन इंधनाचे. प्रत्येकात दोनशे टनांहून जास्त इंधन. एकदा पेटले की सव्वादोन मिनिटं कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. दोन विकास इंजिनं तर हवेत, उड्डाणानंतर दोनेक मिनिटांनी पेटतात. मग पॅडवर थांबण्याची सोय राहिली कुठे?

---

मकरपुरा_फिटर

संजयभाई, मुद्दा शंभर टक्के बरोबर. मी तो टाळायला नको होता.

एस-२०० पेटल्यावर थांबणं नाही, म्हणूनच तिथे बाकी सगळं घट्ट केलंय. माणसासाठीच्या बूस्टरमध्येही दाब उतरवलाय आणि तुकड्यांच्या प्रत्येक सांध्याला दोनाच्या जागी तीन ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्या, आहेत. चॅलेंजर १९८६ मध्ये एका सांध्यातून गेलं, हे जगातला कुठलाही रॉकेटवाला विसरत नाही. आणि वर टोकाला क्रू एस्केप सिस्टीम आहे. खाली काहीही झालं तरी माणसांची कुपी उपटून लांब नेणारी.

तरी मनातलं सांगतो. मला वैयक्तिक पसंत आहे ते खालपासून द्रवइंधन असलेलं रॉकेट. सोयुझ तसं आहे, फाल्कन-९ तसं आहे. पेटवा, दोन-तीन सेकंद सगळे काटे बघा, मनासारखं असेल तरच सोडा. आपल्याकडे हाताशी जे सिद्ध रॉकेट होतं त्यावर हे काम करायचं ठरलं आणि त्यात मला चूक दिसत नाही. पण उद्या नवं रॉकेट होईल तेव्हा जमिनीवर पेटणारी द्रवइंजिनं असावीत असं फार वाटतं.

थांबण्याचं मोल आपल्या लोकांनी डोळ्यांसमोर दाखवलेलं आहे. २१ ऑक्टोबर २०२३, शनिवार. नवरात्राची सप्तमी. बडोद्यात आदल्या रात्री कोण झोपतं! गरब्याहून येऊन दोन तास पडलो आणि टीव्हीसमोर बसलो. क्रू एस्केपच्या चाचणीचं टीव्ही-डी१ उड्डाण होतं. ते छोटं रॉकेट एका विकास इंजिनावर उभं, म्हणजे जमिनीवरच पेटणारं. पावणेनऊची वेळ होती. मोजणी पाच सेकंदांवर आली आणि संगणकाने थांबवली. इंजिन पेटलं नाही. घरात नातू म्हणाला, "आजोबा, फेल." मी म्हटलं, थांब रे, हे फेल नव्हे. दोष शोधला, दूर केला, आणि दहा वाजता तेच रॉकेट गेलं. आवाजाच्या वेगाच्या वर गेल्यावर कुपी अलग झाली आणि श्रीहरिकोट्यापासून दहाएक किलोमीटरवर समुद्रात छत्र्यांनी उतरली. त्या सव्वा तासाने माझी छाती भरून आली होती.

---

मांजलपूर_रसायन

मी खत कारखान्याच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढली, त्यामुळे मला पंपापेक्षा त्यातून काय वाहतं याची धास्ती जास्त.

विकास इंजिनात जातं ते नायट्रोजन टेट्रॉक्साइड, आणि त्याच्या जोडीला हायड्राझिनच्या घराण्यातलं इंधन. दोघांची भेट झाली की काडी लावावी लागत नाही, आपोआप पेट घेतात. इंजिनवाल्याला हे सोन्यासारखं, कारण ठिणगी चुकण्याची भीतीच नाही. साठवायलाही सोपं, बर्फासारखं गार करावं लागत नाही. पण टेट्रॉक्साइडची तपकिरी वाफ नाकात गेली की ओल्या जागी तिचं नायट्रिक आम्ल होतं. आम्ही अशा तपकिरी धुराला लांबूनच नमस्कार करायचो. खोकला लगेच थांबतो, माणूस बरा वाटतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. १९७५ मध्ये अपोलो-सोयुझ मोहिमेवरून परतताना तिन्ही अमेरिकी अंतराळवीरांनी उतरता उतरता हीच वाफ ओढली. होनोलुलूत त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. इंजिन मुख्य नव्हतं, यानाची दिशा बदलणारे छोटे थ्रस्टर होते. तेवढ्यातून हे.

आणि गळतीचं म्हणाल तर १९ ऑगस्ट २०१३ आठवा. जीएसएलव्ही-डी५ उड्डाणाला सव्वा तास उरला असताना दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळताना दिसलं आणि मोजणी थांबवली. टाकीच्या मिश्रधातूला ताणाने आणि गंजाने तडा जाण्याची खोड होती. दुसऱ्या मिश्रधातूची टाकी घेतली आणि ५ जानेवारी २०१४ ला तेच रॉकेट, भारतीय क्रायोजेनिक इंजिन लावून, यशस्वी गेलं.

माझं स्पष्ट मत: माणसांच्या पायाखाली हे विष फार वर्षं ठेवू नये. चीनची माणसंही अशाच इंधनावर जातात हे माहीत आहे, तरी. केरोसीन नाहीतर मिथेन आणि द्रव ऑक्सिजन, हाच पुढचा रस्ता.

---

सुरसागर_काठ

ताई, मान्य. पण मिथेन-ऑक्सिजनला काडी लावावी लागते, आणि काडी चुकली की आणखी वाईट. न पेटलेलं इंधन कक्षात साठतं आणि मग एकदम भडका.

यावर रशियनांनी केलेला उपाय साधा आहे. सोयुझच्या इंजिनांत उड्डाणाआधी प्रत्येक नळकांड्यात खालून लाकडी काठी घालतात. बर्च झाडाचं लाकूड, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचं, टोकाला फटाक्यासारखी दारू आणि तिच्यापुढे एक बारीक तार. दारू पेटली की तार जळून तुटते, आणि सगळ्या तारा तुटल्याचा निरोप मिळाल्यावरच केरोसीन आणि ऑक्सिजनचे व्हॉल्व्ह उघडतात. एक जरी तार शाबूत राहिली तरी उड्डाण नाही. काका, हा तुमचा सतरा भोकांचा ट्रेच झाला!

---

इन्स्ट्रुमेंट_बाबू

सगळे सेन्सर आणि आपोआप थांबण्याचं कौतुक करताय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझं आयुष्य कोयलीच्या बाजूला कंट्रोल रूममध्ये गेलं. खोटा अलार्म किती छळतो ते मला विचारा.

२९ जुलै १९८५, चॅलेंजर शटल, एसटीएस-५१-एफ मोहीम. उड्डाणानंतर पावणेसहा मिनिटांनी मधलं इंजिन संगणकाने बंद केलं. पंपाच्या टर्बाइनचं तापमान भलतंच वाढल्याचं सेन्सर सांगत होते. प्रत्यक्षात टर्बाइन ठीक होतं, सेन्सर मेले होते. थोड्या वेळात दुसऱ्या इंजिनाचाही तसाच सेन्सर मरायला लागला. तेही बंद पडतं तर सात माणसांचं यान कक्षेपर्यंत पोचलंच नसतं. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात जेनी हॉवर्ड नावाच्या इंजिनीयर बाई त्या आकड्यांवर बसल्या होत्या. त्यांनी काही क्षणांत ओळखलं की रोग इंजिनाला नाही, थर्मामीटरला आहे, आणि आपोआप बंद करण्याची व्यवस्था रोखायला सांगितली. उरलेल्या दोन इंजिनांवर यान ठरल्यापेक्षा खालच्या पण चालण्याजोग्या कक्षेत पोचलं आणि मोहीम पार पडली.

पॅडवर शंका आली तर थांबावं. हवेत शंका आली तर इंजिन बंद करणं हाच अपघात ठरू शकतो. माणूस नेणाऱ्या रॉकेटला हे दोन्ही नियम एकाच संगणकात कोंबावे लागतात, आणि कुठल्या सेकंदाला एक नियम सोडून दुसरा धरायचा हे ठरवणं मला सगळ्यात अवघड वाटतं.

---

कलाभवन_तिसरंवर्ष

बाबू काका, हे माहीत नव्हतं. जेनी हॉवर्ड यांचं नाव वहीत लिहून घेतलं.

फिटर काका, एक प्रश्न. एवढ्या मोठ्या यंत्रात व्हॉल्व्हच का नडतो नेहमी?

---

मकरपुरा_फिटर

बेटा, कारण व्हॉल्व्ह दोन कामं करतो आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. बंद असताना थेंब जाऊ द्यायचा नाही आणि उघडताना अडायचं नाही. घट्ट बसवला तर अडतो, सैल ठेवला तर गळतो.

व्हॉल्व्ह बंद करणारा प्लग ज्या कडेवर टेकतो ती सीट. सीटवर निळा रंग लावून बघायची पद्धत अजून असेल तुमच्याकडे. प्लगला पातळ निळा लेप द्यायचा, सीटवर हलकेच टेकवायचा, फिरवून उचलायचा. सीटवर निळी रेघ सलग गोल उमटली तर बसला. रेघ कुठे केसभर तुटली असेल तर तिथून गळणार. मग पुन्हा पेस्ट, पुन्हा घासणं. चार इंची व्हॉल्व्हच्या एका सीटवर मी अख्खा दिवस घालवलेला आहे.

ही केसभर रेघ रॉकेटला काय करते त्याची आपल्याच घरची दोन उदाहरणं देतो. १० जुलै २००६, जीएसएलव्ही-एफ०२. चारपैकी एका द्रव बूस्टरचा जोर जमीन सोडताक्षणी गेला. कारण निघालं गॅस जनरेटरला द्रव पुरवणाऱ्या रेग्युलेटरमध्ये. बंद स्थितीतही त्यातून हवं त्यापेक्षा जास्त जात होतं. घडवताना राहिलेली चूक पुढच्या तपासण्यांतूनही निसटली. मिनिटभरात रॉकेट गेलं.

दुसरं १२ ऑगस्ट २०२१, जीएसएलव्ही-एफ१०. भल्या सकाळी आम्ही बघत होतो. खालचे दोन टप्पे सुरेख चालले आणि क्रायोजेनिक टप्पा पेटलाच नाही. द्रव हायड्रोजनच्या टाकीवरचा व्हेंट-रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा दाब बाहेर सोडणारा, गळत होता, बहुधा त्याच्या मऊ सीलला इजा झाली होती. उणे २५३ अंशांवर मऊ सील दगडासारखं होतं. टाकीतला दाब उतरला. मुख्य पंपाच्या आधी एक छोटा बूस्टर पंप असतो, त्याच्या सक्शनला, म्हणजे द्रव आत ओढणाऱ्या तोंडाला, पुरेसा दाब मिळाला नाही. इथले सगळे पंपवाले पुढचं ओळखतील. सक्शन उपाशी राहिलं की पंप द्रवाऐवजी वाफ चघळतो.

या दोन्ही उड्डाणांत वर उपग्रह होते, माणसं नव्हती.

म्हणूनच जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्लांचं ॲक्सिऑम-४ उड्डाण लांबलं तेव्हा मला राग आला नाही, बरं वाटलं. फाल्कन-९ च्या पहिल्या टप्प्यात, इंजिनं ठेवलेल्या जागी, सात सेकंदांच्या चाचणीनंतर द्रव ऑक्सिजनची गळती आढळली. इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन स्वतः तिथे होते. त्यांची हयात क्रायोजेनिक इंजिनांत गेलेली. गळती बंद करा, मग चाचणी घेऊन दाखवा, नंतरच आमचा माणूस बसेल, ही भूमिका घेतली गेली. २५ जूनला उड्डाण झालं.

---

सुरसागर_काठ

व्हॉल्व्हवरून आठवलं, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. २६ सप्टेंबर १९८३, बैकानूर. सोयुझवर व्लादिमीर तितोव आणि गेन्नादी स्त्रेकालोव बसलेले. उड्डाणाला दीड मिनिट उरलेलं आणि एक व्हॉल्व्ह नीट बंद झाला नाही. इंधन सांडलं, रॉकेटच्या बुडाला आग. कुपीतल्या दोघांना खिडकीतून काही दिसत नव्हतं. तारा जळाल्या, त्यामुळे एस्केप रॉकेट तारेवरून सुटेना. शेवटी जमिनीवरून रेडिओने हुकूम दिला. कुपी उडाली आणि त्यानंतर काही सेकंदांतच खालचं रॉकेट फुटलं. पाच सेकंद त्या दोघांनी स्वतःच्या वजनाच्या चौदा ते सतरा पट भार सोसला. संजयभाई, ते एस्केप रॉकेट घन इंधनाचंच होतं बरं का. तिथे घनच हवं, क्षणात पूर्ण जोर देणारं.

हाच स्त्रेकालोव सहा महिन्यांनी पुन्हा सोयुझमध्ये बसला. ३ एप्रिल १९८४. शेजारच्या खुर्चीत राकेश शर्मा.

---

वाघोडियारोड_संजय

शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. मी तेव्हा सहावीत होतो. रावपुऱ्यात एका दुकानाच्या टीव्हीसमोर ही गर्दी. त्या गर्दीत कुणालाच ठाऊक नसणार की बाजूच्या खुर्चीतला माणूस कशातून आला होता.

फिटर काका, तो ट्रे अजून आहे का?

---

मकरपुरा_फिटर

आहे. फोरमन निवृत्त होताना मला देऊन गेले. एक भोक जरा मोठं झालंय, त्यातली टोपी सैल बसते. कलाभवनची मुलगी म्हणत असेल तर पुढच्या शनिवारी कॉलेजात घेऊन येतो, बरोबर कापून अर्धा केलेला एक ग्लोब व्हॉल्व्ह आणि निळ्या रंगाची डबी. सीट कशी बघायची ते हातात घेऊनच कळतं. रसायनवाल्या ताई आल्या तर फारच छान.

---

कलाभवन_तिसरंवर्ष

या काका. अकरा वाजता वर्कशॉपच्या मागच्या दारापाशी थांबते. आम्ही अकरा जण आहोत, डबी मोठी आणा.